ख्रिस्तपुराणकर्ते फादर स्टीफन्स : त्यांचें चरित्र व त्यापासून बोध

आपल्या देवालयाच्या महोत्सवाचा हा मंगल प्रसंग आहे. अशा प्रसंगीं ज्यांनीं हा कळप येथें जमविला व सांभाळिला त्यांचें कृतज्ञतेनें स्मरण करणें हें आपलें पहिलें कर्तव्य होय. परंतु महोत्सव हा केवळ मागें पाहण्याचा दिवस नव्हे. देवालयाचा घंटानाद आपल्या चार घरांपुरताच ऐकूं येतो असें नाहीं. तो सापन व बिच्छन ह्या नद्यांच्या कांठीं राहणाऱ्या, आपल्या धर्माच्या नसलेल्या हजारों शेजाऱ्यांच्या कानांवर रोज पडत असतो. तो ऐकून त्यांच्या मनांत काय येत असेल? ही घंटा परक्यांची आहे असें त्यांस वाटत असेल, कीं ती आपल्याच गांवाची आहे असें वाटत असेल? ख्रिस्तसभेनें आपल्या कुंपणाबाहेरच्या लोकांपाशीं कसें जावें हा प्रश्न ह्या घंटेच्या प्रश्नांतच सांठविलेला आहे.

ह्या प्रश्नाचें उत्तर नुसत्या उपदेशानें देण्यापेक्षां एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्रानें द्यावें हें बरें, असें वाटल्यावरून पुढील हकीकत वाचकांस सादर करीत आहों. हा पुरुष अचलपुरास कधीं आला नाहीं. त्याची कर्मभूमि येथून शेंकडों मैल दूर, गोव्यांतील साष्टी प्रांतांत होती. तथापि ज्या भाषेंत आपण प्रार्थना करतों, लेकरांस निजवितों व मृतांस निरोप देतों त्या मराठी भाषेंत ख्रिस्ताची कथा प्रथम सविस्तर गाणारा तो हाच. त्याचें नांव फादर थॉमस स्टीफन्स. पोर्तुगीज लोक त्यास पाद्री एस्तेव्हांव म्हणत.

चरित्रास आरंभ करण्यापूर्वीं आपल्याच भूमींतील एका गोष्टीची आठवण देणें अवश्य आहे. अचलपुराहून फार दूर नसलेलें रिद्धपूर हें महानुभाव पंथाचें मोठें क्षेत्र आहे. त्या पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी हे जन्मानें गुजराथेंतले. परंतु तेराव्या शतकांत त्यांनीं आपला उपदेश लोकांच्या मराठी बोलींत केला, आणि त्यांच्या आठवणींचा संग्रह जो लीळाचरित्र तो मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानला जातो. स्वामींच्या पश्चात् पंथाचे आचार्य नागदेव यांनीं आपल्या एका विद्वान् शिष्यास संस्कृतांत लिहिण्यापासून परावृत्त केलें. कारण तसें केल्यास स्वामींच्या भोळ्या वृद्ध बायाबापड्या त्या ज्ञानास मुकतील असें त्यांस भय वाटलें, अशी कथा त्या पंथांत प्रसिद्ध आहे. बाहेरून आलेला पुरुष लोकांची भाषा आपली करतो व जें सांगावयाचें तें सर्वांत साध्या माणसाला पोहोंचेल अशा रीतीनें सांगतो, हा धडा वऱ्हाडच्या मातीला नवा नाहीं. आज त्याच रिद्धपुरीं मराठी भाषेचें विद्यापीठ उभें राहिलें आहे. फादर स्टीफन्स यांनीं हाच धडा तीनशें वर्षांनंतर, दुसऱ्या टोकाहून येऊन, पुन्हां गिरविला.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडच्या विल्टशर परगण्यांतील बुश्टन ह्या खेड्यांत झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. मुलाच्या बालपणींच देशांत मोठी धार्मिक उलथापालथ चालली होती. १५५८ सालीं एलिझाबेथ राणी गादीवर बसली आणि पुढल्याच वर्षीं कायद्यानें जुन्या पद्धतीच्या मिस्साविधीस बंदी झाली. जे कॅथोलिक कुटुंबांतले लोक आपली श्रद्धा सोडावयास तयार नव्हते त्यांस दंड, तुरुंग व पुढें पुढें मृत्युदंडहि भोगावा लागला. जी उपासना आजोबा उघड करीत होते ती नातवाला चोरून करावी लागली. राजसत्तेच्या जोरावर माणसाच्या अंतःकरणांतील देव बदलण्याचा प्रयत्न झाला म्हणजे काय होतें, हें स्टीफन्स यांनीं पुस्तकांत वाचलें नव्हतें. स्वतःच्या देशांत डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहतांना ही गोष्ट विसरतां कामा नये.

तरुणपणीं त्यांची टॉमस पाउंड नांवाच्या एका श्रीमंत व धर्मनिष्ठ गृहस्थाशीं गांठ पडली. ह्या दोघांनीं वेष पालटून, स्टीफन्स यांनीं पाउंड यांचा चाकर म्हणून, कांहीं काळ देशांत प्रवास केला व नंतर रोमास जाऊन येशूसंघांत प्रवेश करण्याचा बेत केला. परंतु निघण्यापूर्वींच पाउंड पकडले गेले व त्यांच्या आयुष्याचीं पुढील बहुतेक वर्षें तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स एकटेच रोमास पोहोंचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजीं संघाच्या नवशिक्षित मंडळींत दाखल झाले. मागें राहिलेल्या मित्रास मात्र ते विसरले नाहींत. संघाच्या मुख्याधिकाऱ्यांपाशीं त्यांनीं रदबदली केली, आणि पाउंड यांस तुरुंगांत असतांनाच संघाचे सदस्य करून घेण्यांत आलें. जो मनुष्य स्वतः सुटला असतां मागें अडकलेल्याची आठवण ठेवितो तोच पुढें परक्या देशांतील माणसांची आठवण ठेवूं शकतो.

रोमांत अभ्यास चालला असतां त्यांचें मन हिंदुस्थानाकडे लागलें. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्यें गोव्यास उतरले होते व त्यांच्या पत्रांनीं साऱ्या युरोपांतील तरुण भारून गेले होते. ४ एप्रिल १५७९ रोजीं स्टीफन्स यांचें गलबत लिस्बन सोडून निघालें आणि सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढून २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास लागलें. थोड्याच दिवसांनीं, १० नोव्हेंबरास, त्यांनीं आपल्या वडिलांस प्रवासाची हकीकत लिहून कळविली. आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाजवळचीं वादळें, समुद्रावरील पक्षी व मासे, हिरड्या सुजून माणसें अंथरुणास खिळविणारा खलाशांचा रोग, ह्या सर्वांचें त्यांत बारकाईनें वर्णन आहे. तें पत्र पुढें हॅक्लुइट यांच्या प्रसिद्ध प्रवाससंग्रहांत छापलें गेलें. हिंदुस्थानांत येऊन राहिलेल्या अगदीं पहिल्या इंग्रजांपैकीं ते एक होते. परंतु त्यांच्यामागून जे इंग्रज आले ते व्यापारासाठीं व नंतर राज्यासाठीं आले. हे आले ते येथेंच मरण्यासाठीं आले.

त्या काळीं आपल्या वऱ्हाडांत काय चाललें होतें हेंहि ध्यानांत घ्यावें. अचलपूर ही एके काळची इमादशाहीची नगरी. ते राज्य १५७४ सालीं अहमदनगरच्या निजामशाहीनें बुडविलें होतें व १५९६ मध्यें वऱ्हाड अकबर बादशहाकडे गेलें. इकडे पैठणास एकनाथमहाराज भागवताची कथा मराठी ओव्यांतून घरोघर पोहोंचवीत होते. राज्यें वेगळीं, राजे वेगळे. परंतु अचलपुरापासून गोव्यापर्यंत पुराणकथा जी ऐकिली जात होती ती मराठींतच.

गोव्यास गुरुदीक्षा मिळाल्यावर फादर स्टीफन्स यांची नेमणूक साष्टी प्रांतांत झाली आणि मधला अल्प काळ सोडल्यास पुढील जवळजवळ चाळीस वर्षें त्यांनीं तेथेंच काढलीं. कांहीं काळ ते साष्टींतील येशूसंघाच्या विद्यालयाचे प्रमुख होते, परंतु अधिक काळ गांवोगांवच्या देवालयांत साधे धर्मगुरु म्हणून राहिले.

येथें एक कटु सत्य सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. महोत्सवाच्या पुस्तिकेंत केवळ गोड तेवढेंच लिहावें अशी रीत आहे खरी. परंतु सत्य झांकून ठेवून ज्याचा गौरव करावयाचा तो खरा गौरव नव्हे. साष्टी प्रांत १५४३ पासून पोर्तुगीज सत्तेखालीं होता. १५६७ च्या सुमारास तेथील हिंदु देवळें सरकारी हुकुमानें पाडण्यांत आलीं. त्या लोकांच्या उघड पूजाविधींस मनाई झाली व त्यांचे धर्मग्रंथ जप्त होऊं लागले. धर्मगुरूंपैकीं कित्येकांचा ह्या कृत्यांस पाठिंबा होता. पुष्कळ घराणीं आपले देव पाटींत घालून खाडीपलीकडे निघून गेलीं. पुष्कळांनीं बाप्तिस्मा घेतला, व त्यांतील कोणी श्रद्धेनें घेतला, कोणी भीतीनें, तर कोणी शेत राखण्यासाठीं घेतला, हें अंतर्यामी परमेश्वरच जाणे.

ह्या बळजोरीचें फळ १५८३ सालीं दिसून आलें. कुंकळ्ळी हा गांव पोर्तुगीज अंमलास प्रथमपासून विरोध करीत होता. १५ जुलै १५८३ रोजीं क्रूस उभारण्यासाठीं व देवालयाची जागा पाहण्यासाठीं तेथें गेलेल्या येशूसंघाच्या पांच जणांस ग्रामस्थांनीं ठार केलें. त्यांचे प्रमुख फादर रुदोल्फ आक्वाविवा हे नुकतेच अकबराच्या दरबारांतून परत आले होते. फत्तेपूर शिक्री येथें तीन वर्षें राहून त्यांनीं बादशहापुढें व त्याच्या विद्वानांपुढें शांतपणें धर्मचर्चा केली होती. ज्या पुरुषाचें म्हणणें परधर्मी बादशहानें आदरानें ऐकून घेतलें तोच आपल्या सत्तेच्या मुलुखांत, शेतकऱ्यांच्या एका खेड्यांत मारला गेला. ह्या पांचही जणांस ख्रिस्तसभेनें १८९३ मध्यें धन्य म्हणून घोषित केलें, आणि तें योग्यच झालें. परंतु त्याचबरोबर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, त्या घटनेनंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं कुंकळ्ळीच्या प्रमुख गांवकऱ्यांस बोलणें करण्याच्या मिषानें बोलावून ठार केलें. एका बाजूचें रक्त आपण वेदीवर स्मरतों. दुसऱ्या बाजूचें रक्तहि परमेश्वराच्या दृष्टीआड गेलेलें नाहीं.

फादर स्टीफन्स यांचे हे सहकारी होते. असा घाला पडल्यावर दुसऱ्या कोणाचें मन त्या लोकांविषयीं कायमचें कडवट झालें असतें, किंवा त्यानें दुसरीकडे बदली मागितली असती. त्यांनीं ह्यांपैकीं कांहींच केलें नाहीं. त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत पॅरिस येथें असलेल्या आपल्या रिचर्ड नांवाच्या भावास त्यांनीं जें पत्र पाठविलें त्यांत ह्या देशांतील भाषांविषयींचें कुतूहल व आदर ओसंडून जात आहे. येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन ह्या भाषांसारखी आहे हें त्यांनीं त्या पत्रांत नमूद केलें. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ मध्यें कलकत्त्यास तेंच मत मांडून जगास चकित केलें, त्याच्या दोनशें वर्षें आधींची ही गोष्ट आहे. ज्या देशाचे लोक युरोपीय माणसाला रानटी वाटत होते त्यांच्या बोलण्यांत आपल्या पंडितांच्या भाषांचें रूप ज्यानें ओळखिलें, त्याची दृष्टि केवळ विद्वानाची नव्हती. ती शेजाऱ्याची होती.

त्याच सुमाराची आणखी एक लहानशी गोष्ट आहे. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी वगैरे कांहीं इंग्रज व्यापारी होर्मुझहून कैद होऊन गोव्यास आणले गेले. ते हेर असावेत असा सरकारास संशय होता. हे लोक प्रॉटेस्टंट राणीचे प्रजाजन होते. त्याच राणीच्या कायद्यानें फादर स्टीफन्स यांस मायदेश सोडावा लागला होता व त्यांचा मित्र तुरुंगांत खितपत होता. तरी फादर स्टीफन्स यांनीं आणखी एका धर्मगुरूच्या साहाय्यानें खटपट करून त्यांस जामिनावर सोडविलें. फिच पुढें १५९१ मध्यें सुखरूप इंग्लंडास परतला व आपल्या प्रवासवर्णनांत ह्या उपकाराची नोंद करून ठेवता झाला. बंदींत असलेल्याचा धर्म कोणता हें न पाहतां त्याची भेट घ्यावी, ही शिकवण त्यांनीं बोलून न दाखवितां आचरून दाखविली.

आतां त्यांच्या मुख्य कार्याकडे वळूं. साष्टींतील लोक घरीं कोंकणी बोलत. परंतु पुराण ऐकणें, कथा लावणें, ग्रंथ वाचणें हें सर्व मराठींत चाले. फादर स्टीफन्स यांनीं दोन्ही भाषा आत्मसात् केल्या व दोहोंचा उपयोग विवेकानें केला. मुलांस व अशिक्षितांस रोजच्या प्रार्थना व धर्मतत्त्वें शिकविण्यासाठीं त्यांनीं कोंकणींत प्रश्नोत्तररूप पुस्तक रचिलें. नव्यानें येणाऱ्या धर्मगुरूंस लोकांची बोली नीट यावी म्हणून कोंकणीचें व्याकरण तयार केलें. हीं दोन्ही पुस्तकें त्यांच्या मरणानंतर राशोल येथें अनुक्रमें १६२२ व १६४० सालीं छापलीं गेलीं, आणि तें व्याकरण हिंदुस्थानांतील भाषांच्या छापील व्याकरणांत अगदीं आरंभींचें गणलें जातें. धर्मगुरूनें लोकांस आपली भाषा शिकवावी हें सोपें होतें, कारण सत्ता त्यांच्या बाजूची होती. त्यांनीं उलट धर्मगुरूंनाच विद्यार्थी करून लोकांपुढें बसविलें.

परंतु तेवढ्यानें लोकांची भूक भागत नव्हती. ती भूक कोणती हें त्यांनीं कसें ओळखलें तें त्यांनीं आपल्या ग्रंथाच्या आरंभींच सांगून ठेविलें आहे. एके रविवारीं धर्मशिक्षण चाललें असतां, श्रोत्यांपैकीं एक ब्राह्मण उभा राहिला. त्यानें आदरपूर्वक विचारिलें कीं, जुनीं पुराणें आम्हांस वर्ज्य केलीं तीं केलीं, पण त्यांच्या ठिकाणीं दुसरें पुराण आम्हांस कां मिळूं नये? पूर्वीं कथा ऐकून आमचा वेळ भक्तींत जात असे. आतां तो रिकामा जातो. हा प्रश्न लहान नव्हे. त्यांत तक्रार आहे, दुःख आहे आणि विश्वासहि आहे. ज्या लोकांचें सर्व काढून घेतलें गेलें होतें त्यांतील एक माणूस, काढून घेणाऱ्यांपैकींच एकाला, मोकळेपणें विचारतो कीं आमच्या रिकाम्या झालेल्या संध्याकाळीं तुम्ही काय ठेविलें आहे? दुसऱ्या एखाद्यानें हा उद्धटपणा मानला असता. फादर स्टीफन्स यांस तो प्रश्न पटला, आणि त्याचें उत्तर देण्यांत त्यांनीं आपल्या आयुष्याचीं कित्येक वर्षें वेंचलीं.

तें उत्तर म्हणजे ख्रिस्तपुराण. हा ग्रंथ १६१४ मध्यें पूर्ण झाला व १६१६ सालीं राशोल येथें छापून निघाला. त्यांत सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. पहिल्या पुराणांत छत्तीस अवस्वरू, म्हणजे अध्याय, असून सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या आगमनाच्या प्रतीक्षेपर्यंतची जुन्या करारांतील कथा आहे; दुसऱ्यांत एकोणसाठ अवस्वरू असून प्रभु येशूचा जन्म, उपदेश, दुःखसहन, मृत्यु, पुनरुत्थान व स्वर्गारोहण यांचें वर्णन आहे. ज्ञानेश्वर व एकनाथ यांनीं जो ओवीछंद वापरला तोच येथें आहे. आरंभीं परमेश्वराचें नमन आहे, जसें कोणत्याहि मराठी पुराणांत असतें. स्वर्गास त्यांनीं वैकुंठ म्हटलें आहे; धर्मगुरूस पाद्रीगुरु म्हटलें आहे. मराठी भाषेची त्यांनीं केलेली स्तुति तर इतकी गोड आहे कीं, रत्नें, फुलें, पक्षी व वृक्ष यांत जें जें श्रेष्ठ तें तें घेऊन त्यांनीं ह्या भाषेच्या शेजारीं ठेविलें आहे. आज महाराष्ट्रांतील ज्या वाचकाला बायबलाची ओळखहि नाहीं त्यालाहि ती स्तुति ठाऊक असते.

ह्या ग्रंथांत सर्वच गोष्टी आजच्या वाचकास रुचतील असें नाहीं. मूर्तिपूजेवर त्यांत कडक टीका आहे, आणि ती त्या युगाच्या समजुतीस अनुसरूनच आहे. फादर स्टीफन्स हे आपल्या काळाच्या बाहेरचे पुरुष नव्हते. पाडलेल्या देवळांविषयीं त्यांनीं जाहीर निषेध केला असें चरित्रकारास म्हणतां येणार नाहीं. परंतु जेथें इतर लोक पाडण्यांत गुंतले होते तेथें ते रचण्यांत गुंतले होते, एवढें मात्र निःसंशय म्हणतां येईल. लोकांच्या वाणींतील जें जें उत्तम होतें तें टाकून न देतां त्यांनीं तें प्रभूच्या कथेच्या सेवेस लाविलें.

त्यांच्या मनाचा कल दाखविणारी आणखी एक हकीकत आहे. १६०८ सालीं त्यांनीं रोमास संघाच्या मुख्याधिकाऱ्यांकडे विनंती पाठविली कीं, येथील लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी व सोय व्हावी, म्हणजे ग्रंथ लोकांच्या स्वतःच्या अक्षरांत छापतां येतील. जोडाक्षरांमुळें मराठीस फार खिळे लागतात ही अडचण त्यांस ठाऊक होती. ती इच्छा सफळ झाली नाहीं, व ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापावें लागलें. मराठी ग्रंथ रोमन अक्षरांच्या वेषांत उभा राहिला, जसा एके काळीं त्याचा कर्ता चाकराच्या वेषांत मायदेशीं हिंडला होता. तरी लोकांनीं आवाज ओळखला. साष्टींत रविवारीं व सणांच्या दिवशीं देवालयांत तें पुराण वाचलें जाऊं लागलें. १६४९ व १६५४ मध्यें तें पुन्हां छापलें गेलें.

फादर स्टीफन्स १६१९ मध्यें गोव्यांत मरण पावले. वय सत्तरीच्या घरांत होतें. इंग्लंडास ते पुन्हां कधीं गेले नाहींत.

त्यांच्या पश्चात् काय झालें तेंहि ह्या चरित्राचाच भाग होय. १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें हुकूम काढिला कीं, तेथील लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषा बोलूं लागावें. फादर स्टीफन्स यांनीं धर्मगुरूंस लोकांची भाषा शिकविली होती. ह्या हुकुमानें लोकांस धर्मगुरूंची भाषा शिकण्याची सक्ति केली. दोन मार्गांतील भेद ह्याहून स्पष्ट कोणता असणार? हुकुमाचें फळ काय झालें? गोव्याचे लोक आजहि कोंकणी बोलतात. आणि ख्रिस्तपुराण? राशोलच्या छापील प्रती काळाच्या ओघांत नाहींशा झाल्या. परंतु लोकांनीं तो ग्रंथ हातांनीं उतरून घेतला, वडिलांनीं मुलांस दिला, आणि जीं कुटुंबें गोवा सोडून दक्षिणेस कानडा किनाऱ्यावर गेलीं त्यांनीं तो बरोबर नेला. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें त्याची आवृत्ति काढिली. पुढें लंडनमध्यें जपून ठेविलेल्या एका संग्रहांत त्याचें नागरी अक्षरांतील हस्तलिखितहि उजेडांत आलें. आणि १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास तो ग्रंथ देवनागरींत छापून काढिला. ज्या अक्षरांची विनंती १६०८ मध्यें केली होती तीं अक्षरें त्या ग्रंथास साडेतीनशें वर्षांनीं लाभलीं.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. आज ख्रिस्तपुराण मराठीच्या अभ्यासांत मानाचें स्थान पावलें आहे. महाविद्यालयांतील हिंदु, बौद्ध व मुसलमान विद्यार्थी मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकतांना फादर स्टीफन्स यांचें नांव आदरानें घेतात. त्यांपैकीं कोणी धर्मांतर केलें नाहीं आणि कोणी करावें अशी अपेक्षाहि कोणी करीत नाहीं. तरी त्यांच्या कानीं प्रभूची कथा गेली. शिवाय ती सांगणारा मनुष्य आपला होता अशी भावनाहि त्यांच्या मनांत राहिली. सक्तीनें झालेल्या कामांपैकीं जें उरलें तें बहुतांशीं कटु आठवणीच्या रूपानें उरलें. प्रेमानें शिकलेल्या भाषेंतून जें झालें तें सर्वांची ठेव होऊन बसलें. बाहेरच्यांपाशीं जाण्याचा खरा मार्ग कोणता ह्याचा निकाल इतिहासानेंच दिला आहे.

ख्रिस्तसभेनेंहि तो निकाल मान्य केला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ मध्यें उपासनेंत लोकभाषेस वाट करून दिली. २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं इतर धर्मांत जें जें सत्य व पवित्र आहे त्यांतील कांहींहि ख्रिस्तसभा झिडकारीत नाहीं असें तिनें घोषित केलें; आणि त्याच वर्षाच्या ७ डिसेंबर रोजीं धर्माच्या बाबतींत कोणावरहि बळजबरी होतां कामा नये, मनुष्याची सदसद्विवेकबुद्धि स्वतंत्र आहे, असें स्पष्टपणें शिकविलें. म्हणून आज शेजाऱ्याकडे जाणें म्हणजे त्यास फुसलावणें नव्हे, त्याच्या गरिबीचा फायदा घेणें नव्हे, आणि त्याच्या देवाची निंदा करणें तर नव्हेच नव्हे.

मग काय करावें? फादर स्टीफन्स यांच्या चरित्रावरून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत असें आम्हांस वाटतें. पहिली ही कीं, बोलण्याआधीं ऐकावें. त्या ब्राह्मणाचा प्रश्न ऐकून घेतला गेला नसता तर ख्रिस्तपुराण जन्मासच आलें नसतें. आपल्या शेजाऱ्यांचे प्रश्न कोणते आहेत? कपाशीवर बोंडअळी पडली, पाऊस वेळेवर आला नाहीं, कर्जाचा हप्ता चुकला, म्हणजे वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या घरांत जी शांतता पसरते ती आपल्या कानांवर येते काय? ती ऐकण्यास बाप्तिस्म्याचा दाखला लागत नाहीं.

दुसरी गोष्ट ही कीं, शेजाऱ्याची भाषा शिकावी. आपण मराठी बोलतोंच, मग शिकावयाचें काय उरलें असें कोणी म्हणेल. परंतु अचलपुराच्या उत्तरेस मेळघाटचे डोंगर आहेत व त्यांत कोरकू बांधव राहतात. बाजारांत येणाऱ्या कोरकू बाईशीं तिच्या भाषेंत चार शब्द बोलूं शकणारे आपल्यांत किती निघतील? परतवाड्याच्या व अचलपुराच्या मोहल्ल्यांत उर्दू बोलणारे आपले शेजारी आहेत. ईदेच्या दिवशीं त्यांच्या दारीं जाऊन योग्य शब्दांत शुभेच्छा देणारे किती? आणि देवालयांतील आपली स्वतःची मराठी तरी अशी आहे काय कीं, सहज आंत आलेल्या वऱ्हाडी म्हातारीला ती कळावी? नागदेवाचार्यांची चिंता आपलीहि चिंता असली पाहिजे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. घेण्याच्या आधीं द्यावें, आणि दिलेल्याचा हिशेब ठेवूं नये. फादर स्टीफन्स यांनीं आपली सारी बुद्धि मराठीला देऊन टाकली. तिचें फळ त्यांनीं पाहिलें तें थोडें, आणि न पाहिलेलें कितीतरी अधिक. आपली शाळा, आपला दवाखाना, आपल्या धर्मभगिनींची सेवा हीं फळें मोजण्याचीं मापें नव्हेत. शेजारी आपल्याकडे आला कीं नाहीं हा प्रश्न परमेश्वरावर सोंपवावा. आपण शेजाऱ्याकडे गेलों कीं नाहीं एवढाच प्रश्न आपल्यासाठीं आहे.

महोत्सवाचे दिवे लागतील, मिरवणूक निघेल, मिठाई वांटली जाईल. ती मिठाई कुंपणाच्या पलीकडेहि जाऊं द्यावी. आणि उद्यां सकाळीं जेव्हां घंटा वाजेल तेव्हां ज्यांच्यासाठीं ती वाजत नाहीं असें आजवर आपण समजत आलों त्यांनाहि ती आपली वाटावी, इतकें आपलें वागणें सरळ व प्रेमळ असो, हीच ह्या शुभ प्रसंगीं कृपाळू परमेश्वराच्या चरणीं आमची प्रार्थना आहे.